चित्रपटाचा तुकडा आणि ग्रंथालयाचे दार

ग्रंथालयाने स्वतःची जाहिरात करावी काय, हा प्रश्न एका पिढीपूर्वी कोणी विचारला असता तर त्याचे हसू झाले असते. ज्याला तहान लागेल तो विहिरीकडे जाईल, अशी आपली समजूत होती. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा या सिद्धान्ताइतकाच प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हाही एक सिद्धान्त आहे. ग्रंथ चालत वाचकाकडे जाऊ शकत नाही. म्हणजे त्याच्या वतीने कोणीतरी हाक मारावी लागते. पूर्वी ही हाक भित्तिपत्रकाने, ग्रंथदिंडीने, फार झाले तर आकाशवाणीवरील भाषणाने मारली जाई. आता ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून मारावी लागते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

आपल्यासारख्या निवासी विद्यालयाला तर हे अधिकच लागू आहे. हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या वाड्या-तांड्यांवरून मुले आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांतील कित्येकांच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नसतो. पालक ऊसतोडीच्या हंगामात सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. ते शाळेच्या सभागृहात येऊ शकत नाहीत; मात्र फडातल्या कोपीत त्यांच्या हातात फोन असतो. मुलगी वसतिगृहात काय वाचते, ग्रंथालयात बसते म्हणजे नेमके काय करते, हे त्यांना दाखवायचे असेल तर दोन मिनिटांच्या चित्रफितीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला राज्यभर साजरा होऊ लागल्यापासून अशा चित्रफिती गावोगावच्या शाळा आणि सार्वजनिक वाचनालये काढू लागली आहेत. हे स्वागतार्ह आहे.

मुलांच्या हाती हे काम दिले की पहिल्या अर्ध्या तासातच एक सूचना हमखास पुढे येते : यात सिनेमाचा एक तुकडा घालू या. ही सूचना उथळ नाही. ‘लगे रहो मुन्नाभाई’ या २००६ सालच्या चित्रपटात पुस्तकाशी कधी संबंध न आलेला एक दांडगट इसम ग्रंथालयात जाऊन दिवसरात्र गांधीजींविषयी वाचत बसतो आणि त्या वाचनाने त्याचे जगच बदलून जाते. वाचनालयाचे याहून परिणामकारक आमंत्रण कोणत्या व्याख्यात्याला जमले आहे? आणि डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटातील मामुट्टी यांची ती विद्याव्यासंगी मुद्रा आपल्या मुलांच्या मनात तर बाबासाहेबांच्या छायाचित्राच्या शेजारीच जाऊन बसली आहे. पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधणाऱ्या माणसाच्या नावाने चालणाऱ्या चळवळीतील ग्रंथालयाने त्या दृश्याचे दहा सेकंद मागितले, तर त्यात गैर ते काय, असे कोणालाही वाटेल.

अडचण एवढीच की ते दहा सेकंद आपले नाहीत. येथे आपल्याकडे दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. एक म्हणते, ‘कोण विचारतो? सगळेच घेतात.’ दुसरी म्हणते, ‘नकोच ती भानगड, साधे फोटो लावा.’ पहिल्या वृत्तीचे नुकसान उघड आहे. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन वेळा प्रताधिकारभंगाचा ठपका आला तर सबंध वाहिनीच बंद होऊ शकते, आणि एका सिनेदृश्यापायी वर्षानुवर्षांची स्नेहसंमेलने, व्याख्याने, मुलांची काव्यवाचने एका रात्रीत नाहीशी होऊ शकतात. दुसऱ्या वृत्तीचे नुकसान दिसत नाही, म्हणून ते अधिक मोठे आहे. कायद्याने जे मोकळे ठेवले आहे तेही भीतीपोटी न वापरणे म्हणजे आपल्याच शेतातल्या पायवाटेने चालण्यासाठी शेजाऱ्याची परवानगी मागणे होय. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील संस्था बहुधा या दुसऱ्या वृत्तीच्या असतात, कारण सल्ला देणारा वकील शहरात असतो आणि नोटिशीचा कागद पाहिला की हातपाय गळतात.

म्हणून कायदा काय म्हणतो हे शांतपणे पाहिले पाहिजे. आपला प्रताधिकार अधिनियम १९५७ सालचा आहे. त्यातील शेवटची मोठी दुरुस्ती २०१२ साली झाली. या अधिनियमाचे कलम ५२ हे ग्रंथपालाने आणि शिक्षकाने पाठ करावे असे कलम आहे. कोणत्या कृती प्रताधिकाराचा भंग ठरत नाहीत, त्यांची लांबलचक यादी त्यात दिली आहे. तिच्या आरंभीच रास्त व्यवहाराची, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘फेअर डीलिंग’ची तरतूद येते. कोणत्याही कृतीचा रास्त वापर खासगी उपयोगासाठी व संशोधनासाठी, त्या किंवा दुसऱ्या कृतीच्या समीक्षेसाठी, आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी करता येतो. एवढेच तीन हेतू. जाहिरात, प्रचार, आवाहन हे शब्द त्यात नाहीत.

येथेच आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. आपण इंटरनेटवर जे वाचतो ते बहुतेक अमेरिकेचे असते. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात ‘फेअर यूज’ची संकल्पना आहे. तिच्यात हेतूंची यादी बंदिस्त नाही. वापराचे स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि बाजारावरील परिणाम या चार कसोट्यांवर कोणताही वापर तोलून पाहता येतो. तेथील ग्रंथालयाने गमतीदार आवाहनपर चित्रफितीत चित्रपटाचा तुकडा वापरला तर त्याला युक्तिवादाला जागा मिळते. आपल्याकडे आधी त्या तीन हेतूंच्या दारातून आत यावे लागते, आणि मगच रास्त की बेरास्त हा प्रश्न उद्भवतो. असे असता, आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक चित्रफितींखाली अमेरिकी कायद्याच्या कलम १०७ चा हवाला देणारा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला दिसतो. तो मजकूर परभणीच्या न्यायालयात वाचून दाखवला तर न्यायाधीश महोदय हसू आवरतील की नाही, याची शंका वाटते. त्याचप्रमाणे ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ हा सर्वतोमुखी झालेला नियम ना आपल्या कायद्यात आहे, ना अमेरिकेच्या. सेकंदांचा असा कोणताही आकडा कोणत्याही कलमात नाही.

प्रमाणाला महत्त्व नाही असे मात्र नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ साली यशराज फिल्म्स आणि इंडिया टीव्ही यांच्यातील वादात निर्णय देताना, गाण्यातील मोजके शब्द वापरण्यासारखी क्षुल्लक बाब कायद्याने दखल घेण्याइतकी मोठी नसते, हे तत्त्व लागू केले. पण तुकडा लहान आहे एवढ्यावरून तो क्षुल्लक ठरत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे उदाहरण घ्या. पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारे ते कुटुंब शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या बाबासाहेब, सावित्रीबाई यांच्या चित्रांसमोरून जाते. दृश्य काही सेकंदांचेच आहे. पण सबंध चित्रपट त्या सेकंदांत सामावलेला आहे. ते दृश्य कापून, त्यावर आनंदी संगीत चढवून, खाली ‘आमच्या ग्रंथालयात या’ असे लिहिले तर लांबीच्या हिशेबाने आपण नगण्य भाग घेतला असेल. प्रत्यक्षात आपण चित्रपटाचे काळीज काढून घेतले आणि वर त्याचा अर्थही उलटा केला. कृतीची विटंबना किंवा मोडतोड झाल्यास कर्त्याला दाद मागता येते, असे कलम ५७ सांगते. मला स्वतःला हे कलम आर्थिक हक्कांच्या कलमांहून अधिक मोलाचे वाटते, कारण दलित-बहुजनांच्या जगण्यावरील कलाकृतींची तोडमोड आपणच हौसेने केली तर इतरांना बोल लावण्याचा अधिकार आपल्यापाशी उरणार नाही.

आता शाळांसाठी असलेल्या तरतुदींकडे येऊ. त्या बहुतेकांना ठाऊकच नसतात. शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात, प्रेक्षक म्हणून केवळ शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे माता-पिता व पालक आणि संस्थेच्या कार्याशी निगडित व्यक्ती असतील, तर चित्रपट दाखवणे हा प्रताधिकाराचा भंग नव्हे, असे कलम ५२ स्पष्टपणे म्हणते. संपूर्ण चित्रपट, तुकडा नव्हे! म्हणजे आपल्या सभागृहात १४ एप्रिलला बाबासाहेबांवरील चित्रपट दाखवण्यासाठी कोणाकडे हात पसरण्याची गरज नाही. या तरतुदीत आणखी एक महत्त्वाची बाब आहे. अशा मर्यादित श्रोतृवर्गापर्यंत चित्रपट पोहोचवणे, संप्रेषित करणे, हेही तिच्यात आले. माझ्या वाचनाप्रमाणे, केवळ पालक आणि शिक्षक यांच्यापुरत्या असलेल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवलेली शालेय चित्रफीत या छत्राखाली येते. ऊसतोडीला गेलेली आई सभागृहात बसलेली नसली तरी ती पालकच आहे; कायद्याने तिच्या बसण्याची जागा ठरवून दिलेली नाही. मात्र त्याच चित्रफितीची यूट्यूबवर प्रतिष्ठापना झाली की प्रेक्षक मर्यादित राहत नाही, आणि छत्र उडून जाते.

दुसरी तरतूद अध्यापनाची. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत करणे हा भंग ठरत नाही. या चार-दोन शब्दांवर एक मोठा खटला झाला, तो प्रत्येक शाळेने माहीत करून घ्यावा असा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात विद्यार्थ्यांसाठी महागड्या पुस्तकांतील प्रकरणांच्या छायाप्रती काढून संच बांधले जात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशन संस्थांनी २०१२ साली दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला आणि प्रताधिकार हा काही दैवी वा निसर्गसिद्ध हक्क नव्हे, असे नमूद केले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठाने, अध्यापन म्हणजे केवळ वर्गात उभे राहून बोलणे नव्हे, ती एक व्यापक प्रक्रिया आहे आणि त्या हेतूने आवश्यक तेवढी सामग्री वापरता येते, असा अर्थ लावून प्रकरण पुराव्यासाठी परत पाठवले. पुढे २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. ज्यांच्या खिशात पुस्तकाची किंमत नसते अशा लाखो विद्यार्थ्यांच्या बाजूने लागलेला हा अर्थ आहे.

या निकालाचा आधार आपल्या चित्रफितीला मिळेल काय? प्रामाणिकपणे पाहिले तर अर्धवट. आठवीच्या मुलांनी मराठीच्या तासाचा उपक्रम म्हणून, एखाद्या दृश्यात ग्रंथालय कसे दाखवले आहे आणि आपले ग्रंथालय त्याहून वेगळे का आहे, यावर बोलणारी चित्रफीत केली, तर ते अध्यापनही आहे आणि समीक्षाही आहे. तेथे तुकडा दाखवल्याशिवाय बोलताच येणार नाही. परंतु जून महिन्यात प्रवेश वाढावेत म्हणून केलेल्या चित्रफितीत तोच तुकडा केवळ नजर वेधण्यासाठी घातला, तर त्याला अध्यापन म्हणणे ही आत्मवंचना होईल. तुकड्याविषयी आपल्याला काही म्हणायचे आहे की त्याच्या प्रसिद्धीवर आपल्याला स्वार व्हायचे आहे, हा प्रश्न चित्रफीत करणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारता येतो आणि मूल त्याचे खरे उत्तरही देते. मोठी माणसे या प्रश्नाला बगल देतात, तो भाग निराळा.

शिक्षेचे भय कितपत धरावे? कलम ६३ अन्वये जाणीवपूर्वक केलेल्या भंगासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. व्यापारी लाभासाठी कृत्य केले नसेल तर न्यायालय याहून कमी शिक्षा देऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले आहे. खेड्यातल्या शाळेवर कोणी निर्माता एवढ्यासाठी धावून येईल असे मानण्याचे कारण नाही. पण ‘येणार नाही’ या भरवशावर मुलांना घडवायचे नसते.

आपल्या संस्थेत पंचशीलाचे दुसरे शील मुले रोज म्हणतात. न दिलेले न घेण्याचा तो संकल्प आहे. काही सहकाऱ्यांना वाटते की त्या शिलाच्या प्रकाशात चित्रपटाचा तुकडा घेणे सरळसरळ निषिद्धच ठरते. मला हे पटत नाही. समाजाने कर्त्याला विशिष्ट मुदतीसाठी अनन्य हक्क दिला, तो देतानाच शाळा, ग्रंथालय, समीक्षक, अंध वाचक यांच्यासाठी काही वाटा राखून ठेवला. कलम ५२ हा तो राखून ठेवलेला वाटा आहे. तो घेणे म्हणजे दिलेलेच घेणे होय. त्या वाट्याच्या बाहेरचे, कोणी पाहत नाही म्हणून उचलणे, हे मात्र त्या शिलाच्या कक्षेत निश्चितच येते.

आणि मुदत संपलेल्या कृतींचे काय? हा विषय मोठा रोचक आहे आणि आपल्या ग्रंथालयांनी त्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले आहे. भारतात चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६५ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची मुदत २०२५ च्या डिसेंबरअखेर संपते. या हिशेबाने दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’, आचार्य अत्रे यांचे १९५३ चा ‘श्यामची आई’ आणि १९५४ चा ‘महात्मा फुले’ हे सर्व चित्रपट, चित्रपट म्हणून, आता जनतेचे आहेत. ग्रंथ पाण्यात बुडवले गेले तरी ते परत येतात, हा गाथेचा प्रसंग ग्रंथालयाच्या चित्रफितीसाठी कोणी मुद्दाम लिहून घ्यावा असा आहे, आणि दामले-फत्तेलाल यांनी तो केव्हाच चित्रित करून ठेवला आहे.

‘महात्मा फुले’ तर आपला जिव्हाळ्याचा चित्रपट. त्याचा मुहूर्त स्वतः बाबासाहेबांच्या हस्ते झाला. बाबूराव पेंढारकर जोतीरावांच्या आणि सुलोचनाबाई सावित्रीबाईंच्या भूमिकेत आहेत. त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. मुलींची शाळा हा ज्याचा विषय, त्या चित्रपटातील दृश्य मुलींच्या वसतिगृहाच्या ग्रंथालयाने वापरू नये तर कोणी वापरावे? आणि तरीही आपल्या जिल्ह्यातील किती मुलांनी हा चित्रपट पाहिला असेल? मुन्नाभाई सर्वांना पाठ, आणि जोतीराव केवळ चौकातल्या पुतळ्यापुरते.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण त्याच ठिकाणी भलेभले फसतात. चित्रपटाची मुदत वेगळी आणि त्यात गुंफलेल्या साहित्याची व संगीताची मुदत वेगळी. लेखक, कवी, संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०११ पासून मुक्त झाले. अत्रे १९६९ साली गेले. त्यांनी लिहिलेल्या संवादांवरील हक्क २०२९ अखेर संपेल. ‘श्यामची आई’चे संगीतकार वसंत देसाई यांचे निधन १९७५ चे, तेव्हा त्यांच्या संगीतासाठी २०३५ अखेरपर्यंत थांबावे लागेल. ‘संत तुकाराम’मधील बीज आणि तरू यांची कल्पना असलेला सुप्रसिद्ध अभंग महाराष्ट्र तुकोबांचाच समजतो, वास्तविक तो शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला, आणि आठवलेही १९७५ सालीच गेले. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे : जुन्या चित्रपटातील दृश्य घ्या, त्यावरचा मूळ आवाज बंद ठेवा आणि आपल्या विद्यार्थिनीच्या आवाजातले आपले निवेदन त्यावर द्या. मुकी दृश्ये आणि मराठवाडी वळणाचे निवेदन, असा मेळ कानाला फार गोड लागतो, हा माझा पक्षपात समजा हवा तर.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी उरतो तो ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाचा. हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने निर्माण केला आणि त्यामागे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचे व महाराष्ट्र शासनाचे अर्थसाहाय्य होते. म्हणजे तो जनतेच्या पैशाने झाला. तो २००० साली प्रदर्शित झाला, म्हणून त्याचा प्रताधिकार २०६० अखेरपर्यंत राहील. आज वसतिगृहात असलेली दहा वर्षांची मुलगी तेव्हा चाळिशी ओलांडून गेलेली असेल. बाबासाहेबांची स्वतःची ग्रंथसंपदा १ जानेवारी २०१७ पासून प्रताधिकारमुक्त आहे, कोणीही ती छापू शकतो, वाचून दाखवू शकतो. आणि त्यांच्या जीवनावर शासनाच्या पैशाने काढलेल्या चित्रपटातील दहा सेकंद मात्र शाळेच्या ग्रंथालयाला खुलेपणाने वापरता येत नाहीत. ही विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. शासकीय राजपत्र, अधिनियम, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल यांचे पुनर्मुद्रण करण्यास कलम ५२ मुभा देते, कारण ते सार्वजनिक कामासाठी सार्वजनिक खर्चाने तयार झालेले असतात. तोच न्याय सार्वजनिक खर्चाने निर्मिलेल्या चित्रपटांना का नसावा?

कायद्यात दुरुस्ती होण्याची वाट पाहण्याचीही येथे गरज नाही. हक्काचा धनी स्वतःहून परवानगी देऊ शकतो. महामंडळाने आणि महाराष्ट्र शासनाने एक साधे जाहीर निवेदन काढावे, की मान्यताप्राप्त शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खालील शासनमान्य ग्रंथालये यांना अशा चित्रपटांतील ठरावीक लांबीपर्यंतचे दृश्य, श्रेय देऊन, विनामूल्य वापरता येईल. आता फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हेही महामंडळातच विलीन झाले असल्याने, एकाच दारात मागणी करून माहितीपटांचा प्रचंड साठा शाळांसाठी उघडता येण्यासारखा आहे. ही मागणी एका शाळेने केली तर पत्र फायलीत जाईल. जिल्ह्यातील सर्व वाचनालयांनी ग्रंथोत्सवाच्या व्यासपीठावरून ठराव करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत पाठवली, तर तिला वजन येईल.

श्रेय देऊन, असे वर म्हटले, त्यावर थोडे अधिक बोलायला हवे. प्रतिवर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची चलच्चित्रे असंख्य गटांवरून, वाहिन्यांवरून फिरतात. मुंबईतील तो जनसागर ७ डिसेंबर १९५६ रोजी ज्यांनी पदरमोड करून चित्रफितीवर टिपून ठेवला त्या नामदेव व्हटकर यांचे नाव त्या दृश्यांखाली क्वचितच दिसते. ते लेखक होते, चित्रपटक्षेत्रातले होते, आणि त्या दिवशी कॅमेरा घेऊन ते उभे राहिले नसते तर त्या यात्रेची हलती स्मृती पुढच्या पिढ्यांना मिळालीच नसती. मुदतीचा हिशेब काहीही असो, कर्त्याचे नाव सांगण्याचे कर्तव्य मुदतीबरोबर संपत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके नाव नाकारले गेले त्या समाजाच्या शाळेने तरी आपल्याच माणसाचे नाव गाळू नये. पडद्यावर दोन सेकंदांची एक ओळ, एवढाच त्याचा खर्च आहे.

याबरोबरच हेही लक्षात घ्यावे की परक्या तुकड्यांवाचून उत्तम चित्रफीत होते. वसमतच्या बाजारात हळदीच्या पोत्याला टेकून वर्तमानपत्र वाचणारा हमाल, नर्सीला नामदेवांच्या अभंगांची वही उतरवून घेणारी आजी, रात्री अभ्यासिकेतल्या एकाच दिव्याखाली चार डोकी एका पुस्तकावर झुकलेली : ही दृश्ये कोणत्याही स्टुडिओने चित्रित केलेली नाहीत, आणि त्यांचा प्रताधिकार त्या मुलांचा आणि आपला आहे. अशा व्यक्तींची संमती मात्र घ्यावी, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांचीही.

आपल्या ग्रंथालय समितीसमोर माझी सूचना अशी आहे की येत्या वाचन प्रेरणा दिनासाठी दोन स्वतंत्र चित्रफिती कराव्यात. पहिली सभागृहासाठी आणि पालकांच्या बंद गटासाठी, जिच्यात मुलांना हवा असलेला मुन्नाभाईही येऊ द्यावा, मात्र त्याच्याविषयी मुलांनी काही म्हटलेले असावे. दुसरी यूट्यूबसाठी, जिच्यात ‘महात्मा फुले’मधील मूक दृश्य, आपले निवेदन, आपले चित्रण आणि शेवटी सर्वांची नावे असावीत. महामंडळाला लिहावयाच्या पत्राचा मसुदा नववीच्या मुलांकडून करून घ्यावा. मराठीच्या पाठ्यक्रमात औपचारिक पत्रलेखन आहेच.